पेणहून आणलेला गोळा

पेणला गेलो होतो. येताना मांडीवर घेऊन आलो. वर आत्याचा धुतलेला टॉवेल झाकलेला. एसटीत एका काकूंनी उठून जागा दिली आणि हळूच हात जोडले. श्रावण सरत आलेला, बाहेर जागोजागी मंडपांचे बांबू उभे राहात होते.

आता तुम्ही म्हणाल, कळलं. पेण, मांडीवर, वरून कापड, दुसरं काय असणार. म्हणा. मी पण काकूंना काय बोललो नाय, जागा कोण सोडतो. फक्त नागोठण्याच्या आसपास टॉवेलाखालनं काळं ऑइल गळायला लागलं आणि माझ्या पँटीवर नकाशा उठला. काकूंनी पँटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग रोहा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

टॉवेलाखाली जीपचा गोळा होता. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या बरोब्बर मधे खाली एक लोखंडी फुगवटा दिसतो ना, त्याच्या पोटात असतो तो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्याकडं गोळा. इंजिनाचा जोर लांब शाफ्टातनं मागं येतो आणि हा गोळा तो दोन्ही चाकांना वाटून देतो. एवढं मला पण माहीत होतं. एवढंच माहीत होतं, हे पेणला जाऊन कळलं.

जीप आत्याची. आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. रोह्यातनं पूल ओलांडला की अष्टमी, तिथं राहते आणि डोंगरावरच्या वाडीला जीपच्या फेऱ्या मारते. पुलाजवळच्या स्टँडवर पुरुष ड्रायव्हरांच्या रांगेत ती एकटी बाई, आणि बाजाराच्या दिवशी पहिला नंबर तिचा. तो नंबर तिनं कसा मिळवला याच्यावर वेगळं पुस्तक होईल, पण ती लिहू द्यायची नाय. स्टँडचा नियम असा की सलग दोन बाजार गाडी हजर नसली की नंबर गेला, मागचा पुढं सरकणार आणि तुम्ही शेपटाला. शेपटाच्या गाडीला बाजाराला दोन कोंबड्या आणि एक दारू प्यायलेला माणूस एवढंच भाडं मिळतं.

आणि मी म्हणाल तर, कॉलेज झालेला, कंपनीत शिफ्टला लागायची वाट बघणारा, आणि तोपर्यंत नकला करणारा. कंडक्टर, सरपंच, आमचे सगळे सर, कुणाचा पण आवाज काढतो. गाड्यांचे पण काढतो. आत्याची जीप दुसऱ्या गिअरला चढाला लागली की कशी रडते, ते मी पुलावर उभं राहून काढलं की स्टँडवरचे लोक पिशव्या उचलायचे. आत्याची नक्कल तर माझी हुकमी. ती झापते तेव्हा आधी डोक्यावरचा पदर मागं सारते, मग बोलते. मी नुसता पदर मागं सारला तरी लोक हसतात.

तर झालं असं. बाजाराच्या दिवशीच, वाडीच्या शेवटच्या चढाला, गाडी भरलेली, खाली चिखल, आणि मागनं आवाज आला. खडाक्. मग खर्रर्रर्र. मग काय नाय. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर. लोक उतरून चालत गेले. ती जीप फोर व्हील, म्हणजे पुढच्या चाकांना पण जोर जातो, म्हणून आत्यानं मागचा शाफ्ट खोलून टाकला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर रिकामी गाडी खाली आणली. रिकामी येते. माणसं भरून चढ चढत नाय. पुढच्या फेऱ्यांना गाडी नाय, म्हणून एक बाजार गैरहजेरीत गेला.

मिस्त्रींकडं आमची गाडी पहिल्यापासनं. मोठं पोट, मोठा आवाज, आणि प्रत्येक वाक्याआधी एवढं थांबतात की आपण भलतंच काहीतरी बोलून बसतो. त्यांनी खालचं झाकण उघडलं, ऑइलात हात घातला आणि तळहात आमच्यापुढं धरला. डाळिंबाचे दाणे काढावेत तसे लोखंडाचे दात.

आत्या म्हणाली, "नवीन?"

मिस्त्री थांबले. मी म्हटलं, "येईल की."

"नाय येणार," मिस्त्री म्हणाले. "ह्या मॉडेलचा आता सुटा मिळत नाय. मागवला तर गणपती जाऊन आपण विसर्जनाचे फोटो बघत बसू, तवा येईल. जुना आणा. पेणच्या अलीकडं हायवेला जुन्या पार्टवाले बसतात, त्यांच्याकडं बघा."

"बाजार कधी हाय ठाव हाय ना तुम्हाला?"

"हाय. म्हणून उद्याच्या उद्या जा. मला नाय येता येणार, उद्या माझ्या नातीचं बारसं. पाव्हणे गेले की मी बसवायला घेतो. पण वहिनी, दिसतो तसाच म्हणून उचलून आणू नका. जुळला पायजे."

आणि मग त्यांनी जुळवणं समजावलं. लग्नात छत्तीस गुण बघतात, इथं तीनच, पण एक जरी चुकला तरी संसार रस्त्यात. पहिला गुण, एक्सल. चाकापासनं गोळ्यात जाणारा जो दांडा, त्याच्या टोकाला खाचा असतात. त्या खाचा गोळ्यातल्या खाचांत बसल्या पाहिजेत. त्याला मिस्त्रींचा उपाय सोपा, "अख्खा दांडाच घेऊन जा. घुसला तर आपला, नाय घुसला तर त्याचा." दुसरा गुण, बोल्टांची भोकं. त्यांनी बारशाच्या पेढ्यांच्या खोक्याचं झाकण फाडलं, गोळा जिथं बसतो त्या तोंडावर धरलं आणि हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकलं. पुठ्ठ्यावर काळं गोल आणि भोकांचे ठसे जसेच्या तसे उठले. एका बाजूला 'शुभ', दुसऱ्या बाजूला आमच्या गाडीचं ढुंगण.

"आणि तिसरा?" आत्यानं विचारलं.

मिस्त्री थांबले. ह्या वेळी मी पण थांबलो.

"तिसरा महत्त्वाचा. फेरे. चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टाचे किती फेरे लागतात, ते प्रत्येक गोळ्याचं वेगळं. बाहेरनं सगळे सारखे दिसतात. तुमची फोर व्हील. पुढं पण एक गोळा, मागं पण एक. दोघांचे फेरे सारखे पायजेत. नायतर चढावर फोर व्हील टाकलात की पुढचा एक बोलणार, मागचा दुसरं बोलणार, आणि दोघं भांडणार. घरात दोघं भांडली की काय फुटतं?"

"भांडी," आत्या म्हणाली.

"गिअरबॉक्स. पुढचा अजून चांगला हाय, त्याचे फेरे मोजून घ्या आणि तेवढेच फेरे असलेला आणा." आणि मंडपवाल्याचा फोन आला म्हणून ते गेले.

मोजलं आम्ही दोघांनी. जॅक एक, म्हणून पुढचं एक चाक उचललं. आत्यानं कमरेची तंबाखूची डबी काढली, बोटानं चुन्याचा एक ठिपका चाकावर लावला, एक शाफ्टावर, आणि पोत्यावर झोपून खाली सरकली. मी चाक हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवलं. खालनं आवाज आला, "पावणेतीनला जरा कमी." परत फिरवलं. परत तेच. झालं. दोघं खूश.

सकाळच्या एसटीनं निघालो. एक्सलचा दांडा गोणपाटात गुंडाळून माझ्या दोन पायांमधे, पेढ्याचं झाकण आत्याच्या पर्समधे, पावणेतीन डोक्यात. दांड्याचं टोक बाहेर आलेलं बघून कंडक्टर म्हणाला, "हे काय नेतोस?" मी त्याच्याच आवाजात म्हटलं, "पुढं सरका, पुढं सरका." आत्यानं कोपर मारलं आणि लगेजचं तिकीट काढलं.

वडखळ सोडलं की हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडी लागतात. आम्ही गेलो ती शेड म्हणजे गाड्यांच्या आतड्यांचं गोदाम. दरवाजे एका बाजूला पुस्तकांसारखे उभे लावलेले, स्टिअरिंगांचे हार, सीटांवर मांजरं. मालक पांढऱ्या दाढीचे, नाकावर चष्मा, हातात चहा. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मी पण म्हटलं. आत्यानं गाडीचं मॉडेल सांगितलं. चाचा आत गेले, आणि आतनं एकेक गोळा लोळवत आणून टायरांवर ठेवत गेले. चार गोळे चार टायरांवर. जेवायला बसवल्यासारखे.

"बगून घ्या ताई. माझ्या तोंडावर जाऊ नका, मी सगळेच चांगले बोलतो."

पहिल्यात एक्सल घुसलाच नाय. खाचा बारीक. बाजूला. बाकी तिघांत गेला, आणि जाताना असा मऊ आवाज झाला, टच्, की आत्यानं माझ्याकडं बघितलं. पेढ्याचं झाकण तिघांच्या तोंडावर धरलं. तिघांना बसलं. भोकात भोक. चाचा झाकण वाचत म्हणाले, "पेढे कुठं?"

"बारशाला," मी म्हटलं.

आता फेरे. चाचा म्हणाले, "किती पायजे?" आणि मी छाती काढून सांगितलं, "पावणेतीन."

चाचांनी चष्मा वर केला. "पावनेतीन?"

"व्हय. जरा कमीच."

"बाळा, असा गोळा मी आख्ख्या जनमात नाय बगितला. पावनेतीनचा गोळा लावून तुमची जीप चढ चढेल? हवाई जहाजाला लावा." त्यांनी एका गोळ्याचं मोठं चाक बोटानं फिरवून दाखवलं. मोठ्या चाकाला क्राऊन म्हणतात, त्याला चावणाऱ्या छोट्याला पिनियन. क्राऊनचे दात मोजायचे, पिनियनचे मोजायचे, भागायचं, झाले फेरे. "हा बग, पिनियनला आठ. क्राऊनला एकोणचाळीस. पाचाला थोडा कमी. आणि ते दोन, त्यांना आठ आणि त्रेचाळीस. पाचाच्या वर, साडेपाचाच्या खाली. ह्या गाडीला हेच दोन येतात. तुमची कुठली, पाचाच्या खालची का वरची?"

आम्हाला काय माहीत. आमच्याकडं पावणेतीन.

मिस्त्रींना फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. बारशाचा दिवस, उचलणार कोण. आत्यानं फोन पर्समधे टाकला. परत जाऊन पुढचा गोळा उघडून दात मोजायचे म्हटलं तर दिवस गेला, उद्या परत पेण, मग बसवणार कधी, आणि बाजार. अंदाजानं उचलला आणि चुकला तर गिअरबॉक्स. तिचा चेहरा मी कधी नकलेत घेतला नाय असा झाला होता.

"जरा बसू दे," ती म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. तिथं एक अख्खा सांगाडा पडला होता, मधे गोळा, दोन्ही बाजूंना एक्सल, टोकांना चाक बसायचे गोल ड्रम, सगळं जागच्या जागी, विटांवर अंतराळी ठेवलेलं. आत्यानं एका टोकाच्या ड्रमवर हात टेकला. मी दुसऱ्या टोकाला. तिला हसवावं म्हणून तो ड्रम स्टिअरिंगसारखा धरला, तिच्यासारखा पदर मागं सारला आणि फिरवला. "ए मेल्या, सरक की बाजूला, तुझ्या बापानं रस्ता..."

"थांब," आत्या म्हणाली.

"काय?"

"हे मागं चाललं."

मी परत फिरवला. पुढं. आणि पलीकडं, तिच्या हाताखाली, तिचा ड्रम उलटा फिरला. मी जेवढा पुढं, तो तेवढा मागं. मी थांबलो, तो थांबला. मी उलटा फिरवला, तो सुलटा. मधलं शाफ्टाचं तोंड मात्र जागेवर शांत, जसं काय घडतच नाय.

मी तुम्हाला खरं सांगतो, मला वाटायचं मागची दोन चाकं म्हणजे एक दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एवढी वर्षं त्या जीपमधे बसलो, तिचा रडण्याचा आवाज काढला, आणि आत हे होतं. अंगावर काटा आला माझ्या. भंगाराच्या शेडीत, मांजरांसमोर.

आत्या उठून उभी राहिली. "परत फिरव. हळू." तिनं आपला ड्रम दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला, फिरूच दिला नाय. मी माझा फिरवला. आणि जे मधलं तोंड शांत बसलं होतं, ते फिरायला लागलं.

"आता दोघं मिळून," ती म्हणाली. दोघांनी आपापला ड्रम एकाच बाजूला फिरवला, आणि मधलं तोंड सुसाट सुटलं.

मग तिनं डबी काढली. चुन्याचे ठिपके लावले, माझ्या ड्रमवर, तिच्या ड्रमवर, मधल्या तोंडावर. तिचा दाबून धरून माझा एक फेरा, मोजलं. दोघांचा मिळून एक फेरा, मोजलं. दुसऱ्या वेळी बरोब्बर दुप्पट. परत केलं. परत दुप्पट.

"आपण एकच चाक उचललं होतं ना रे?" आत्या हळू आवाजात म्हणाली. "दुसरं खाली जमिनीवर. जमिनीनं धरून ठेवलं होतं, मी आता धरलं तसं. तू फिरवलंस ते निम्मंच मोजलं गेलं."

पावणेतीनच्या जरा खाली, त्याची दुप्पट, साडेपाचच्या जरा खाली. त्रेचाळीसवाला.

आम्हाला शाळेत पंधरा ऑगस्टच्या कवायतीला चौघांची ओळ वळवायला लावायचे. कडेचा पोरगा पळतो, आतला जागेवर पाय आपटतो, आणि ओळ सरळ राहते. मी आतला असायचो, कारण मला पळायचं नसायचं. ते आठवलं. वळणावर जीपचं बाहेरचं चाक जास्त चालतं आणि आतलं कमी, आणि हा गोळा दोघांना हाक न मारता, शिट्टी न वाजवता ओळ सरळ ठेवतो. एकानं घेतलं जास्त, तर दुसऱ्याचं तेवढंच कमी. भिसे खिंडीतल्या प्रत्येक वळणाला हे खाली चाललेलं असतं आणि वर आपण शेंगा खातोय.

"मला हाताला कळायचं," आत्या म्हणाली. ती अजून ड्रम पुढं-मागं करत होती. "वळताना गाडी कशी मऊ होते. पण आत असं असेल असं नाय वाटलं रे."

चाचा चहा घेऊन आले, आमच्यासाठी पण दोन. सांगाड्याकडं बघून म्हणाले, "मी पन फिरवतो कदी कदी. गिऱ्हाईक नसला की. अजून मजा येते." आणि त्यांनी एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं फिरवून दाखवलं, आणि आम्ही तिघं पलीकडचा ड्रम उलटा जाताना बघत उभे राहिलो.

त्रेचाळीसवाले दोन होते. दोन्ही सारखे. कुठला घ्यायचा? तेवढ्यात मिस्त्रींचा उलटा फोन आला. मागं बायकांचा गलका, पाळणा म्हणणं चाललेलं.

"दोन्ही फिरव आणि आवाज ऐकव," ते म्हणाले.

मी फोन गोळ्याजवळ धरला आणि चाचांनी फिरवला. तेवढ्यात पाऊस पत्र्यावर कोसळला.

"मला नुसता पत्रा ऐकू येतोय," मिस्त्री म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "तूच काढ ना आवाज. ऐक आणि काढ. स्पीकरवर टाकतो, हिकडं पण कालवा हाय."

लोक मला नकला करायला सांगतात, पण हसायला. हे पहिल्यांदाच कुणी कामाला सांगितलं. मी कान गोळ्याला लावला. चाचा फिरवतायत, मी ऐकतोय, आणि फोनमधे काढतोय. पहिला, "घूंऽऽऽ घूंऽऽऽ घूंऽऽऽ." सलग. पोट भरलेल्या मांजरासारखा.

"दुसरा."

"घूंऽऽ घूंऽऽ घूंऽऽ घूंऽऽ घूंऽऽ टक्. घूंऽऽ घूंऽऽ..."

"थांब. ते टक् परत काढ."

काढलं.

"मधे किती घूं?"

मी परत ऐकलं. "पाच. आणि थोडा."

"पाच आणि थोडा. पिनियनचे तेवढे फेरे झाले की क्राऊनचा एक होतो, म्हणजे क्राऊनचा एक दात उडालाय कुठंतरी. ठेव तो. पहिला परत ऐकव."

मी पहिला परत काढला, अगदी मनापासून, लांबवर. आणि तिकडं फोनमधे एकदम शांत झालं. मग एका बाईचा आवाज आला, "झोपली गो." मग दुसरीचा, रागात, "मी कानात कुर्रर्र केलं तर भोकाड पसरलं, आणि ह्या मेल्याच्या घूंला झोपते?" मग कुणीतरी म्हातारा, बहुतेक व्याही, शांतपणे म्हणाला, "पहिलाच घ्या. भारदस्त हाय."

चाचांनी दुसऱ्या गोळ्यावर खडूनं फुली मारली. मला म्हणाले, "बाळा, तू हितंच रहा." भाव आत्यानं केला. पावसात तिघंही खूश होतो, एवढंच सांगतो.

मग टॉवेल, एसटी, काकू, ऑइल, ते तुम्हाला सांगून झालंय.

मिस्त्री संध्याकाळी आले ते कपाळाला गंध आणि खिशात पेढे घेऊन. त्यांनी दिव्याच्या उजेडात गोळा फिरवला आणि कान लावला. थांबले. माझ्याकडं बघितलं. "डिट्टो," म्हणाले. मला दहावीचा निकाल लागला तेव्हा पण एवढं बरं वाटलं नव्हतं, पण निकालच तसा होता. दुसऱ्या दिवशी गोळा बसला. बोल्ट हातानं फिरवून आत गेले. एक्सल गेला, टच्. नवीन ऑइल पडलं. दुपारी आत्यानं फोर व्हील टाकून तो शेवटचा चढ घेतला, मिस्त्री मागं बसून डोळे मिटून ऐकत होते, आणि मी पण. पुढचा आणि मागचा एकाच सुरात. वर वाडीतली पोरं पळत आली. आत्यानं इंजिन बंद केलं.

बाजाराची सकाळ. पहिल्या नंबरावर जीप उभी. मागं, दुसऱ्या नंबरावर, पांढऱ्या नव्या गाडीवाला. चांगला पोरगा आहे, पण आठवडाभर रोज आत्याला विचारायचा, "गाडी झाली का आत्या?" आणि नाय म्हटलं की फार वाईट वाटल्यासारखं करून हसत जायचा. आत्या त्याच्या समोरनं मुद्दाम सावकाश चहाला गेली. गाडीत एकच बाई बसली होती, वाडीची एक म्हातारी, करटोल्यांची टोपली रिकामी करून लवकर परत निघालेली. तिनं विचारलं, "काय मोडलं व्हतं रे बाबू?"

आता हे असं विचारलं तर मी काय करणार. मी सांगायला लागलो. हातवारे केले. तिला काय कळेना. आणखी दोन-चार जण जमले, त्यांना पण कळेना. तोंडानं सांगून कळायचं ते नव्हतंच, मला तरी कुठं कळलं होतं. मी जॅक काढला. पुढच्या चाकांना दगड लावले, गिअरात टाकली, बरोब्बर गोळ्याखाली जॅक लावला आणि मागची दोन्ही चाकं उचलली. म्हातारी आतच. वर गेली तशी म्हणाली, "आगो बाय," आणि टोपली धरून बसली.

मी डावं चाक फिरवलं. उजवीकडं उभे असलेले मागं सरले. "उलटं," एक जण म्हणाला. सगळे डावीकडनं उजवीकडं गेले. मी उजवं फिरवलं. सगळे परत डावीकडं. म्हातारी खिडकीतनं वाकून म्हणाली, "मला दिसला नाय, परत फिरव." मी परत फिरवलं. पोरं, भाजीवाली, एक कंपनीचा शिफ्ट सुटलेला माणूस, सगळे वाकून. मी आयुष्यात एवढ्या लोकांना न हसवता एका जागी धरून ठेवलं नव्हतं.

आणि स्टँडची शिट्टी वाजली.

स्टँड बघणारे दादा शिट्टी तोंडात धरूनच आले. "पहिला नंबर, सोडा."

पहिला नंबर हवेत होता.

पांढऱ्या गाडीवाला मऊ आवाजात म्हणाला, "दादा, जॅकवरची गाडी हजर धरतात का? मी आपला विचारतोय."

दादांनी शिट्टी काढली. दुसरा बाजार. मला तेव्हा कुठं नियम आठवला. दादा गाडीकडं बघतायत, चाकांकडं बघतायत, काहीतरी बोलणार, तेवढ्यात आतनं म्हातारी म्हणाली, "हजर नाय कशी? मी बसलेय ना तिच्यात."

लोक हसले. दादा पण हसले. पण शिट्टी परत तोंडात घातली आणि घड्याळाकडं बोट दाखवलं.

गर्दी आपोआप फाटली आणि मधनं आत्या आली. हातात चहाचा ग्लास. तिनं जॅक बघितला, वर म्हातारी बघितली, मागं पांढरी गाडी बघितली. मग पदर मागं सारला. कुणी हसलं नाय.

"उतरव. माझ्याकडं काय बघतोस, जॅक उतरव आधी. गाडी मोडली तेव्हा मोडली, आता चांगली झाली तर ती तू टांगून ठेवतोस? पहिल्या नंबराला? आठ दिवस मला डोळ्याला डोळा नाय, आणि हा हितं जत्रा भरवतोय. आणि आज्जीला वर ठेवून, लाज हाय काय? पडली असती म्हणजे? हळू उतरव, मेल्या, ती आत हाय. आवाज करतोय, आवाज काढतोय, आणि अक्कल कुणाच्या घरी ठेवलीस? आणि तुम्ही काय बघताय सगळे, बसा आत. बघितलं ना फिरताना? व्हय, उलटं फिरतं. मी पण बघितलं. मला पण वाटलं सगळ्यांना दाखवावं, पण मी दाखवलं का? दगड काढ चाकाचे. जॅक सीटखाली ठेव, तिथं नाय, सीटखाली. आणि तू कुठं चाललास? चढ आत. चढावर उतरून चाकाला दगड कोण लावणार, तुझा गोळा?"